फळीकडे बघणारा गणपती

बाबा पाटावर मांडी घालून बसले, चौरंगावरच्या गणपतीकडे थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा माझ्याकडे बघत नाहीये."

मी मोरीपाशी ब्रश धूत होते. ब्रशातून केव्हाच स्वच्छ पाणी यायला लागलं होतं, तरी धूतच होते.

"दुसरा ठेव बघू," बाबा आईला म्हणाले.

आईने मांडणीवरून दुसरी मूर्ती उचलून ठेवली. बाबांनी मान जराशी डावीकडे केली, उजवीकडे केली, मग सरळ बसले.

"हाही नाही."

तिसऱ्याचंही तेच झालं. आईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि चौथा आणायला वळली. संध्याकाळची वेळ होती, कामगार घरी गेले होते आणि मूर्ती सुकवायला लावलेल्या हॅलोजनचा उजेड शेडभर पसरला होता. लपायला कुठे अंधाराचा कोपराही नव्हता.

पेणला आमचा गणपतींचा कारखाना. कारखाना म्हटलं की लोकांना भोंगा आणि धुराडं आठवतं. आमचा म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड, भिंतीला लाकडी मांडण्या, आणि त्यांवर दाटीवाटीने बसलेले गणपती. मूर्ती घडवून, रंगवून झाली की सगळ्यात शेवटी डोळे काढायचे. त्याला आम्ही आखणी म्हणतो. आखणी झालेली मूर्ती आजोबांच्या वेळेपासून तशीच गिऱ्हाइकाला देत नाहीत. ती आधी चौरंगावर ठेवायची आणि घरातल्या मोठ्या माणसाने समोर पाटावर बसायचं, गिऱ्हाईक आपल्या घरी पूजेला बसतं तसं. गणपतीने त्याच्या डोळ्यांत बघितलं पाहिजे. बघितलं की बाबा म्हणायचे, "भेट झाली." मग ती मूर्ती पलीकडच्या मांडणीवर जायची. भेट झाली नाही, तर डोळ्यांवर पांढरा मारायचा आणि पुन्हा आखायचे.

"माणूस वर्षभर वाट बघतो," बाबा म्हणायचे, "आणि देव घरी येऊन पंख्याकडे बघत बसला, तर त्याने सांगायचं कुणाला?"

आखणी आईची. पण त्या वर्षी तिचा खांदा धरला, सगळ्या मूर्ती तिच्या एकटीने होईनात, म्हणून लहान मूर्तींचे डोळे माझ्याकडे आले. मी नववीत होते. नववीतल्या मुलीच्या हाती आखणी दिली म्हणून आमच्या आळीत बरीच कुजबुज झाली, आणि बाबांनी ती नेहमीप्रमाणे ऐकून न ऐकल्यासारखी केली. माझ्या मूर्ती परत येत नव्हत्या. बाबांचं कौतुक एवढंच असतं, की ते काही बोलत नाहीत. मी त्यावरही खूश होते, ब्रश उशाशी घेऊन झोपायचे.

आणि आता एकामागून एक गणपती नापास होत होते.

"शरू," बाबांनी हाक मारली, "इकडे ये."

मी गेले. पदराला हात पुसतात तसे ओढणीला हात पुसत गेले.

"कुठे बसून आखतेस तू?"

"तिथेच. खिडकीजवळच्या टेबलाला."

बाबा उठले. चौरंगावरचा गणपती उचलून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, मी ठेवते तसाच, आणि माझ्या स्टुलावर बसले. स्टूल माझ्या मापाचं, त्यामुळे त्यांचे गुडघे पार हनुवटीशी आले. एरवी मी हसले असते. त्यांनी गणपतीच्या डोळ्यांत बघितलं आणि मग गणपती जिकडे बघत होता तिकडे सावकाश मान वळवली. तिकडे खिडकीची फळी होती. फळीवर कारखान्याचा फोन चार्जिंगला लावलेला होता.

"सगळेच्या सगळे तिकडे बघताहेत," बाबा म्हणाले. "काय आहे गं त्या फोनात?"

आता फोनचं सांगायला हवं. ऑर्डरी घ्यायला बाबांनी तो घेतला, पण त्यांना स्वतःला तो आवडायचा नाही. आमचा एक कामगार रंगकाम करताना व्हिडिओ बघत होता, तर बाबांनी त्याचा फोन काढून शेंदराच्या बादलीत सोडला होता. नंतर नवा घेऊन दिला ही गोष्ट वेगळी. तर त्या फोनवर कारखान्याचं पेज होतं आणि ते मी चालवायचे. आखणीचे व्हिडिओ टाकायचे. बाबांची अट एकच होती, "हात दिसू दे, तोंड नको." लोक व्हिडिओखाली बुकिंग करायचे, आपलं नाव-गाव लिहायचे. पुण्याचे, नाशिकचे, कुणी दुबईचे. आमचं निम्मं गिऱ्हाईक तिथे उघड्यावर मांडलेलं होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं आम्हाला वाटलं नव्हतं. दुकानाच्या दारात गिऱ्हाईक उभं असलं तर ते लपवतं कोण?

तिथेच रेवा भेटली. कोल्हापूरची, माझ्याच वयाची, चित्रं काढणारी. "तुझ्या हाताला देव आहे गं," असं तिने पहिल्यांदा लिहिलं. आमच्या घरात असं कुणी बोलत नाही. आम्ही मातीबद्दल बोलायचो, भुवईच्या वळणाबद्दल बोलायचो, तिच्या शाळेतल्या खडूस बाईंबद्दल बोलायचो. आईचा खांदा दुखतो हे तिला माहीत होतं, बाबा शेंदराच्या बादलीत फोन बुडवतात हेही माहीत होतं. त्यावर तिने हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे पाठवले होते. मला मैत्रीण मिळाली म्हणून मी इतकी आनंदात होते, की दिवसभर आपली आपणच हसायचे.

मग एकदा तिने लिहिलं, की शाळेच्या स्पर्धेसाठी तिला शाडूत मैत्रिणीचा चेहरा करायचा आहे. "तुझाच करते. समोरून, दोन्ही बाजूंनी, वर बघताना, खाली बघताना, हसताना, असे फोटो पाठवशील?"

दुसरी कुठलीही मुलगी इथे थबकली असती. एवढे कशाला, असं तिने विचारलं असतं. मी नाही विचारलं. आमच्याकडे एखाद्याचा पुतळा करायचा तर बाबा असेच फोटो मागतात, सगळ्या बाजूंनी. एकच फोटो आणणाऱ्याला परत पाठवतात. उलट मला वाटलं, हिला काम कळतं. मी खिडकीच्या उजेडात बसून छान फोटो काढले, मागचा केसांचा शेपटासुद्धा काढला, म्हणजे तिला अडायला नको.

त्यानंतर रेवा ही रेवा राहिली नाही. त्याच नावाने दुसरंच कुणीतरी बोलायला लागलं. आधी एक फोटो आला. चेहरा माझा होता. खाली जे होतं ते माझं नव्हतं आणि कुणाला दाखवण्यासारखं नव्हतं. पाठोपाठ निरोप आला, "आता मी सांगेन तसे फोटो पाठवायचे. नाही पाठवलेस तर हा तुझ्या बापाच्या सगळ्या गिऱ्हाइकांना जाईल." खाली नावं होती. अळतेकर काकू, पुणे. त्यांच्या खाली आणखी पुष्कळ.

मी काहीच पाठवलं नाही. पण "नाही" म्हणायचाही धीर होत नव्हता. "आज नको, उद्या," "आज घरात माणसं आहेत," असं करत दिवस ढकलत होते. फोन फळीवर ठेवून आखायला बसायचे आणि तो थरथरला की माझी मान तिकडे वळायची. हात मात्र चालू असायचा. डोळे काढत होते, कुठे बघताहेत ते कळत नव्हतं.

"शरू," बाबा स्टुलावरूनच म्हणाले, "मी विचारतोय."

मला वाटलं, आता बादली. आता फोन गेला, पेज गेलं, ब्रश गेला. उद्यापासून शाळा ते घर, घर ते शाळा. आणि हे बघितल्यावर बाबा माझ्याकडे पुन्हा कधी नीट बघणारच नाहीत. ही शेवटची भीती सगळ्यांत मोठी होती. बाकीचं सगळं मी सोसलं असतं.

"तुम्ही बघू नका," मी म्हणाले आणि रडायलाच लागले. "बाबा, तुम्ही नका बघू."

बाबा उठले. स्टूल आडवं झालं. ते फळीकडे जातील असं वाटलं, पण ते फळीकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"नाही बघत," ते म्हणाले. "तुझी आई बघेल. तू मला नुसतं सांग. मला तुझं तोंड दिसत नाहीये, सांग आता."

मी त्यांच्या पाठीला सगळं सांगितलं. आई शेजारी बसून फोन बघत होती. तिचा दुखरा हात माझ्या गुडघ्यावर होता आणि मी जसजशी सांगत गेले तसतसा तो घट्ट होत गेला. रेवाचं सांगितलं, फोटोंचं सांगितलं. गिऱ्हाइकांची नावंसुद्धा सांगितली.

बाबा अजून भिंतीकडेच तोंड करून होते. त्यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता स्फोट होणार.

"सगळ्या बाजूंनी मागितले?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पुतळा करायचा म्हणून?"

"हो."

"मग तू दिलेस त्यात काय? मूर्तिकाराने मागितले, मूर्तिकाराच्या पोरीने दिले." ते वळले. त्यांचे डोळे भरलेले होते आणि ते लपवायची त्यांनी काही धडपड केली नाही. "मीपण दिले असते गं. माझ्याकडे मागितले असते तर मीपण दिले असते."

मला एकदम हुंदका आला. इतके दिवस मी मूर्ख आहे, मी घाण आहे, असं स्वतःला म्हणत होते. बाबा माझ्या बाजूला येऊन उभे राहतील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

"पण तो चेहरा माझाच आहे ना," मी म्हणाले. "लोक म्हणणार, शरूच आहे."

"धडावर दुसऱ्याचं डोकं बसवायचं," बाबा म्हणाले, "हा धंदा आपण तीन पिढ्या करतोय. त्या कोपऱ्यात बघ, साच्यातून काढलेली तोंडं वेगळी आणि धडं वेगळी. दुपारी मीच सांधत होतो. आणि हा कोण कुठला मला ते शिकवणार?" त्यांनी टेबलावरच्या गणपतीकडे बोट केलं. "ज्याच्या जिवावर आपण जेवतो, त्याचं तरी डोकं त्याचं स्वतःचं आहे का गं?"

"अहो!" आई म्हणाली.

"खोटं बोलतोय का? दोष ज्याने डोकं कापलं त्याला द्यायचा, की ज्याचं गेलं त्याला? आपण पूजा कुणाची करतो?"

मी रडता रडता हसले. नाकातून पाणी येत होतं आणि मी हसत होते. आईही हसली आणि मग तिनेच डोळ्यांना पदर लावला.

मला आधी ते सगळं पुसून टाकायचं होतं. फोन हातात घेऊन मी पुसायलाच लागले होते. आईने माझं मनगट धरलं. "थांब. पुसलंस तर उद्या दाखवणार काय? राहू दे तसंच. घाण त्याची आहे, तुझी नाही."

त्याच संध्याकाळी आम्ही तिघं पोलीस ठाण्यात गेलो. बाबा तिथे पहिल्यांदाच जात होते, त्यांनी मुद्दाम इस्त्रीचा सदरा घातला होता. एका मॅडमनी मला आत नेलं आणि आईला सोबत बसवलं. बाबा स्वतःच म्हणाले, "मी बाहेर थांबतो." मॅडमनी मला एकही प्रश्न असा विचारला नाही, की ज्याने मला मान खाली घालावी लागेल. सगळे निरोप जसेच्या तसे घेतले. "त्याला आता उत्तर द्यायचं नाही. हो म्हणायचं नाही, नको म्हणायचं नाही, काहीच नाही," त्या म्हणाल्या. "तो फोटो पाठवेलही कदाचित. घाबरवायचा तोच धंदा आहे त्यांचा. पण तुझ्या घरच्यांना आधीच कळलंय, म्हणजे त्याचं निम्मं हत्यार गेलं. घरी न सांगणाऱ्या मुली माझ्याकडे फार उशिरा येतात गं." असं म्हणून त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

बाहेर येऊन रिक्षाची वाट बघत असताना बाबा म्हणाले, "गिऱ्हाइकांना मी सांगू का?"

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागले.

"तुला विचारतोय. तू नको म्हणालीस तर नाही सांगणार. पण त्याने सांगायच्या आधी आपण सांगितलं तर त्याच्या हातात काय राहील?"

मी विचार केला. इतक्या दिवसांनी मला कुणीतरी माझ्याबद्दल काही विचारत होतं, सांगत नव्हतं. मी म्हणाले, "सांगा. पण रडू नका सांगताना."

"मी कशाला रडतोय," असं म्हणून त्यांनी नाक शिंकरलं.

बाबांना टायपिंग येत नाही. घरी आल्यावर त्यांनी गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर बोलून निरोप पाठवला. फोन तोंडासमोर आरशासारखा धरून ते बोलले. तो निरोप माझ्याकडे अजून आहे. "मंडळी, नमस्कार. माझी मुलगी शर्वरी यंदा लहान मूर्तींची आखणी करते आहे. कुणीतरी नालायक तिच्या चेहऱ्याचे खोटे फोटो करून तिला धमकावतो आहे. आम्ही पोलिसांत दिलं आहे. तुम्हाला काही आलं तर पुढे पाठवू नका, मला सांगा. आणि एक. कुणाला तिने आखलेली मूर्ती नको असेल तर आत्ताच सांगा, मी बुकिंगचे पैसे परत करतो. मग पुढच्या वर्षी माझ्या दारात येऊ नका." शेवटचं वाक्य आईला पटलं नव्हतं. त्यांनी ते तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले नाही. कारखान्यात मांडणीखाली बसून राहिले. प्रत्येक वेळी फोन वाजला की बाबा उचलायचे आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे. काहींना खरंच तो फोटो आला होता. त्या माणसाने आपला शब्द पाळला होता.

दुपारी अळतेकर काकूंचा फोन आला. बाबांनी तो स्पीकरवर टाकला, कारण काकूंनीच सांगितलं, "शरूला ऐकू दे."

"भाऊ, आलं होतं हो माझ्याकडे कायसंसं. मी पाठवणाऱ्याचं नाव आणि नंबर लिहून ठेवलाय, पोलिसांना हवं तर सांगते. शरू, ऐकतेस का बाळा?"

"हो," मी मांडणीखालूनच म्हणाले.

"माझी मूर्ती तूच आखायचीस. दुसऱ्या कुणी आखली तर मला कळेल हं. आणि जेवलीस का?"

मी जेवले नव्हते. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन दोन भाकऱ्या आणि कालवण घेऊन आले. शेडमध्ये जेवायचं नाही हा त्यांचाच नियम होता. त्या दिवशी आम्ही गणपतींच्या मधोमध बसून जेवलो.

कुणीही बुकिंग रद्द केलं नाही. त्या माणसाला पकडायला बरेच महिने लागले. तो कोल्हापूरचा नव्हता, चित्रकार नव्हता, आणि मुलगी तर नव्हतीच. त्याच्या फोनात माझ्यासारख्या आणखी मुली सापडल्या, असं मॅडमनी आईला सांगितलं. मला रेवा मात्र बरेच दिवस आठवायची. जी कधी नव्हतीच तिची आठवण येते, हे मी कुणाला सांगत नसे. एकदा आईला सांगितलं. ती म्हणाली, "येणारच. तुझं बोलणं तर खरं होतं ना."

पण काकूंचा फोन आला त्या दिवशी संध्याकाळी मी नापास गणपतींवर पांढरा मारायला घेतला. फोन आता आईच्या कमरेला होता. फळी मोकळी होती. एकेक डोळा जागेवर येत होता. बाबा पाटावर बसत आणि म्हणत, "भेट झाली." दुसरा. "भेट झाली." प्रत्येक वेळी त्यांचा आवाज थोडा मोठा व्हायचा.

शेवटची मूर्ती राहिली. मी पांढऱ्यात ब्रश बुडवला, तर बाबांनी माझा हात अडवला.

"हा राहू दे."

"बाबा, ह्याची पण नजर फळीकडेच आहे. भेट होणार नाही."

"राहू दे. हा विकायचा नाही. यंदा घरी हाच बसवू."

गणेशचतुर्थीला तो आमच्या घरी बसला. बाबांनी त्याची जागा स्वतः ठरवली, आणि ती ठरवायला त्यांनी चौरंग किती वेळा सरकवला ते आईलाच ठाऊक. मग कारखान्याचा फोन आणून त्यांनी त्याची नजर जात होती त्या खिडकीत ठेवला आणि मला म्हणाले, "पेज तूच चालवायचंस. पण फोन इथे राहणार."

आरतीला सगळी आळी जमली होती. ज्यांनी कुजबुज केली होती तेही आले होते. शेजारच्या गुणाकाकूंनी आरती झाल्यावर वाकून नीट बघितलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "शरू, आखणी चुकली का गं? देव आपल्याकडे न बघता तिकडे कुठे बघतोय?"

सगळे माझ्याकडे वळले. मी काही बोलायच्या आत बाबा प्रसादाचं ताट खाली ठेवून म्हणाले, "चुकली नाही. त्याला मीच सांगितलंय तिकडे बघायला."

आता माझी मुलगी फोन मागायच्या वयाची झाली आहे. मोठ्या मूर्तींची आखणीही माझ्याकडे आहे आणि पाटावर अजून बाबाच बसतात, आता उठताना हात द्यावा लागतो. दर वर्षी सगळ्या मूर्तींची भेट झाली की ते एक मूर्ती बाजूला काढतात आणि मला म्हणतात, "ही आपली. हिला तेवढं तिकडे बघायला लाव."